पथ्याचा कागद आणि सुनेचे ताट

(चांदवड येथील जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



सकाळपासून भावाची, कर्जाची, पीकविम्याची चर्चा झाली. आता जेवणाची वेळ झाली आहे, बाहेरून पिठल्याचा वास येतो आहे, आणि नेमक्या याच वेळी 'काय खाऊ नये' या विषयावर बोलायला आम्हाला उभे केले आहे. कार्यकर्त्यांनी आमच्यावरचा जुना राग काढलेला दिसतो. पण विषय आम्हीच मागून घेतला होता. का मागितला, ते आधी सांगतो.

मागच्या महिन्यात तालुक्याच्या पूर्वेकडे एका वस्तीवर गेलो होतो. कपाशीची वेचणी चालू होती. ओट्यावर टेकलो तर समोर भिंतीवर घड्याळाखाली एक छापील कागद चिकटवलेला. वर ठळक अक्षरात, 'आयुर्वेदानुसार रोजच्या आहारात टाळावयाचे पदार्थ'. खाली यादी : दही, उडीद, वाल, मोड आलेली कडधान्ये, कच्चा मुळा, काकवी, तळलेले, खारवलेले, शिळे अन्न. घरातल्या म्हाताऱ्या बाबांना सांधेदुखी आणि आंबट ढेकरांचा त्रास, म्हणून मुलाने शहरातून हा कागद आणला होता. बाबा आमच्यासमोरच भाकरीवर ठेचा घेऊन, वर लोणच्याची फोड घेऊन बसले होते. आम्ही हसून विचारले, "बाबा, हा कागद कोणासाठी?" बाबा काही बोलले नाहीत. आजीबाई म्हणाल्या, "त्यांना कोन सांगनार भाऊ? पन सूनबाई दोन जिवाची हाये. तिला मी पाळायला लावलंय."

सून पाच महिन्यांची गरोदर. सकाळपासून कपाशी वेचून आलेली. सगळ्यांची ताटे झाल्यावर ती चुलीपाशी बसली. तिच्या ताटात सकाळची भाकरी आणि आमटीचे वरचे पाणी. डाळ नको, वातूळ असते. दही नको, थंड असते. मटकी नको, कागदावर लिहिले आहे. आणि पोटभर तर नकोच, कारण पोर मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल.

आम्ही शेतकी शिकलेली माणसे. आम्ही वैद्य नाही, आणि दुखणे असेल त्याने वैद्याला किंवा डॉक्टरला दाखवावे हे आधीच सांगून टाकतो. पण त्या दिवशी घरी आल्यावर जुने ग्रंथ मराठी भाषांतरासह काढून बसलो. म्हटले, हा कागद म्हणतो ते ग्रंथात आहे तरी का?

तर आहे. कागद खोटा नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात जवळजवळ हीच यादी सापडते. दही, उडीद, पावटा, मोडाचे धान्य, कच्चा मुळा, वाळवलेल्या भाज्या, वाळवलेले मांस, पिठाचे पदार्थ, काकवी. चरकाच्या ग्रंथातही पाचव्या अध्यायात तिच्या जवळची यादी आहे. चांदवडच्या माणसाला तर हा ग्रंथ परका वाटायचे कारण नाही. ज्या यादवांचा पहिला पुरुष दृढप्रहार याच चंद्रादित्यपुरात, म्हणजे आपल्या चांदवडात, राज्य करीत होता असे इतिहासकार मानतात, त्याच यादवांच्या शेवटच्या काळातला प्रधान हेमाद्री याने अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. तोच आपला हेमाडपंत. बाजरी त्यानेच आणली असे लोक सांगतात. ते खरे की खोटे, हा वाद आज नको.

पण कागद छापणाऱ्याने एक शब्द बारीक केला आहे आणि सगळी गफलत तिथे आहे. ग्रंथ म्हणतो, हे पदार्थ नित्य खाऊ नयेत. नित्य म्हणजे सवय म्हणून, दररोज, तोच तो. कधीच खाऊ नये असे तो म्हणत नाही. आणि त्या यादीच्या आधी तो मात्रेची गोष्ट सांगतो. जड पदार्थ अर्ध्या भुकेइतके खावेत, हलकेसुद्धा फार होऊ देऊ नयेत, आणि मात्रा ज्याच्या त्याच्या अग्नीवर ठरते. त्याही पुढे, विरुद्ध अन्नाच्या प्रकरणात वाग्भट स्पष्ट सांगतो की जो कष्ट करतो, ज्याचा अग्नी पेटलेला आहे, जो तरुण आणि बळकट आहे, ज्याच्या जेवणात स्निग्ध आहे, त्याला विरुद्ध अन्नसुद्धा बाधत नाही. आता विचार करा, दिवसभर गादीवर बसणारा माणूस आणि दिवसभर कपाशीत वाकणारी बाई, दोघांना एकच कागद कसा लागू होईल?

दुसरी गोष्ट. ग्रंथ थोर आहे, पण तो ज्याने लिहिला त्याच्या गावातल्या ताटावरून लिहिला आहे. आपल्या ताटाकडे बघून तो तपासावा लागतो. उदाहरण देतो. चरकाने सगळ्या वनस्पती तेलांत तिळाचे तेल उत्तम म्हटले आहे आणि करडईचे सर्वांत अहितकर. आपण कोरडवाहू रब्बीत पिढ्यान्‌पिढ्या करडई घेतली, घाण्याचे तेल खाल्ले, आणि पुढे शहरातले डॉक्टर हृदयरोग्यांना तेच तेल घ्या म्हणून सांगू लागले. आमचे म्हणणे, करडईला भिण्याचे कारण नाही. सुश्रुताने वरी, कोद्रा, सावा, नाचणीच्या जातीची धान्ये ज्या वर्गात घातली त्याचे नावच 'कुधान्यवर्ग'. कु म्हणजे वाईट, हलके. बाजारानेही तेच केले. भरडधान्य म्हणून बाजूला टाकले, रेशनवर गहू-तांदूळ आणला आणि ज्वारीवाल्याला भिकेला लावले. मग २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष साजरे केले आणि ज्यांनी ज्वारी टाकली त्यांच्याच हॉटेलात भाकरी महाग झाली. शेतकऱ्याच्या हाती त्यातले किती आले ते तुम्हीच जाणता.

आता ग्रंथाचे जे पटले आणि ज्याने आम्ही चमकलो, ते सांगतो. चरकाच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात तीन वस्तू अती वापरू नका असे म्हटले आहे : पिंपळी, क्षार आणि मीठ. मिठाबद्दल तो लिहितो की जे लोक फार मीठ खातात ते ढिले पडतात, त्यांचे रक्तमांस सैल होते, कष्ट सोसत नाहीत, अकाली केस पिकतात. सौराष्ट्र, सिंध, बाल्हीक इथले लोक दुधाबरोबरही मीठ खातात, असा दाखला देतो. आणि पुढे जे म्हणतो ते वाचून आमच्यातला शेतकी पदवीधर ताठ बसला. तो म्हणतो, जी जमीन फार खारी असते तिथे वेली, झाडे उगवत नाहीत, उगवली तर निस्तेज राहतात, कारण त्यांना मिठाने मारलेले असते. नीरा कालव्याच्या पट्ट्यात चोपण झालेली राने ज्यांनी पाहिली आहेत, पांढरी खपली धरलेली माती आणि तिच्यात पिवळा पडलेला ऊस पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने माणसाचे शरीर शेतात नेऊन दाखवले.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे पाच माणसांच्या घरात महिन्याला पाऊण किलो. घरी जाऊन बघा, एक किलोचा पुडा किती दिवस जातो. जनावरांचे मीठ वेगळे धरा. उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ लागते हे खरे, पण ते भाकरीत, कालवणात येतेच. वर ठेचा, लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, आणि आता पोरांच्या हातात पाच-पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्या, हे सगळे वरचे आहे. चाळिशीनंतर रक्तदाब वाढतो, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि एक दिवस माणूस बांधावर कोसळतो. सोडायची सवय एकदम सोडू नये, चौथा-चौथा हिस्सा कमी करत जावे, असेही चरकच सांगतो. आम्ही स्वतः ठेच्याच्या बाबतीत हे करून पाहिले. पहिले पंधरा दिवस जेवण बेचव लागले हे कबूल करतो.

कांद्याचे मध्येच सांगून टाकतो, कारण चांदवडात कांद्याबद्दल न बोलता कोणी खाली बसू देणार नाही. आयुर्वेदात कांदा वर्ज्य आहे असे पुष्कळ लोक ठोकून सांगतात. ते धर्मशास्त्रातले आणि चातुर्मासातले आहे. चरक कांद्याला जड म्हणतो, कफ वाढवणारा म्हणतो, पण बळ देणारा, रुची आणणारा, जेवणात उपयोगी असाही म्हणतो. कांदा खाऊ नका असे वैद्याने सांगितलेले नाही. कांदा बाहेर विकू नका, असे मात्र २०२३ च्या डिसेंबरात दिल्लीने सांगितले.

आता एक गंभीर गोष्ट. भंडारा-चंद्रपूरकडे धान निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोळी पेरतात. आपल्याकडे लाख म्हणतात तीच. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात या धान्याबद्दल लिहिले आहे की ते माणसाला लंगडा, पांगळा करते. आजच्या शास्त्रानेही त्यातले विष शोधून काढले. पण लाखेची थोडी डाळ अधूनमधून खाल्ल्याने कोणी पांगळा होत नाही. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खावी लागते तेव्हा पाय जातात. आणि महिनोन्‌महिने लाख कोण खातो? दुष्काळात दुसरे काही पिकत नाही तो खातो. मध्य प्रदेशात रेवाकडे वेठबिगारांना मजुरी म्हणून लाखच मोजून देत. १९६१ साली केंद्राच्या नियमाने तिच्या विक्रीवर बंदी आली, राज्याराज्यांत ती कमीजास्त पाळली गेली. बंदी धान्यावर आली. ज्या मजुरीने माणसाला तेच धान्य खायला लावले, तिच्याबद्दल त्या नियमात अक्षर नव्हते. 'टाळावे' हा शब्द ज्याच्याजवळ दुसरे काही असते त्याच्यासाठी असतो.

आपल्या ज्वारीतही असेच एक विष शिरते, आणि ते कोणत्याही छापील कागदावर नसते. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. उत्पन्न वाढले, पण लवकर तयार होणारी कणसे परतीच्या पावसात सापडू लागली आणि दाणा काळा पडू लागला. मग आपण काय करतो? पांढरा दाणा बाजारात नेतो, काळा घरात ठेवतो. व्यापारी काळ्याला भाव देत नाही, म्हणून ती भाकरी आपली. भावांनो, बुरशी म्हणजे नुसता रंग नव्हे. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशीचा मका खाऊन यकृताचा रोग झाला आणि शंभरावर माणसे दगावली. सगळे आदिवासी, सगळे गरीब. १९९५ साली दख्खनच्या पठारावर अवकाळीत भिजलेली ज्वारी आणि मका खाल्लेल्या गावांत पोटदुखी-जुलाबाची साथ आली. भाजल्याने, भाकरी केल्याने हे विष पुरते जात नाही. म्हणून कणसे पावसात सापडली तर ढीग लावू नका, पसरा, दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवा, काळा-गुलाबी हलका दाणा पाखडून बाजूला काढा. शेंगदाण्याचेही तेच. सुरकुतलेला, कडू, बुरशीचा दाणा कुटात टाकू नका. जनावरालाही घालू नका, दुधातून तो परत येतो. आणि औषध लावलेले बियाणे उरले, धुतले आणि दळले, असे कोणी करत असेल तर आजपासून बंद. कीटकनाशकाचा रिकामा डबा धान्याला नाही, पाण्याला नाही, मिठालाही नाही.

तेलाचे थोडक्यात. पूर्वी बांधाला तिळाच्या चार ओळी असत, घरचे तेल वर्षभर पुरे. आता आपण कापूस सरकीसकट विकतो आणि इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल पिशवीत घेऊन येतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते. पिशवीतल्या तेलातला वडा-भजी बाजारच्या दिवसापुरती ठेवा, आणि काळे पडलेले तळणीचे तेल पुन्हा कढईत ओतू नका, एवढेच आज म्हणतो.

उपासाबद्दल मायबहिणी रागावणार नसतील तर बोलतो. साबुदाणा ना चरकाला ठाऊक होता ना वाग्भटाला. तो दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कंदाच्या पिठाच्या गोळ्या आहेत. त्यात पिठूळ सत्त्वाशिवाय फारसे काही नाही. बटाटाही तिकडचाच, शेंगदाणाही तिकडचाच. आठवड्यातून दोन उपास करणारी बाई साबुदाण्यावर काढते आणि दुसऱ्या दिवशी वेचणीला जाते. उपास करायचाच तर भगर, राजगिरा, ताक, चार खजूर. पेठ-सुरगाण्याच्या शेतकऱ्याची वरी तरी खपेल.

आता त्या कागदावरच्या दह्याकडे येतो. दही नित्य खाऊ नये, रात्री खाऊ नये, असे ग्रंथ म्हणतो हे खरे. पण त्याच दह्याचे ताक घुसळले की ग्रंथ त्याची वाखाणणी करतो. मग ताक प्या. पण ताक आहे कुठे? सकाळी साडेसहाला किटल्या डेअरीला जातात आणि घरात चहापुरते दूध उरते. दुधाचे पैसे लागतात, आम्ही कोणाला दोष देत नाही. पण भांडेभर दूध घरात ठेवा आणि ते विरजणासाठी ठेवा, चहासाठी नव्हे. जेवणावर लगेच चहा घेतला तर भाकरी-पालेभाजीतले लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा. त्याऐवजी लिंबू पिळा, नाही तर आवळा घ्या. आवळा वाग्भटाच्या 'नित्य खावे' या यादीत आहे. त्या कागदाने 'टाळावे'ची यादी छापली, 'नित्य खावे'ची छापलीच नाही. तीत मूग आहे, दूध-तूप आहे, आवळा आहे, मनुका आहे, डाळिंब आहे. पहिली यादी पाळायला पैसे लागत नाहीत, दुसरीला लागतात.

आणि गरोदर बाईबद्दल ग्रंथ काय म्हणतो? चरकाच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात महिन्यामहिन्याचा आहार दिला आहे. पहिल्या महिन्यात दूध, तिसऱ्यात दूध मध-तुपाबरोबर, चौथ्यात लोणी, पाचव्यात तूप. त्या सुनेचा पाचवा महिना चालू होता. ज्या आयुर्वेदाचे नाव घेऊन तिची डाळ काढून घेतली, तो आयुर्वेद तिला त्या महिन्यात तूप देतो. मोडाची मटकी कुणाला वातूळ होत असेल तर लसूण-जिरे टाकून मऊ शिजवा, पण ताटातून काढू नका. पोर मोठे होईल म्हणून उपाशी ठेवलेल्या आईला पोर लहान होते आणि रक्त कमी पडते, बाळंतपण त्याने सोपे होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. या मांडवात बसलेल्या बायांपैकी दर दुसरी.

त्या यादीत शेवटी 'शिळे अन्न' होते. शिळे खाऊ नये, हेही ग्रंथातच आहे. बाबांचा ठेचा चालू, मुलाचा चहा चालू, सुनेला दही बंद, डाळ बंद, आणि कागदावरचा जो एक नियम तिच्या फायद्याचा, तो मात्र रोज तिच्याकडूनच मोडून घ्यायचा. घरातली उरलेली भाकरी कोणाच्या ताटात जाते, ते आम्ही विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

याच चांदवडात १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. लाखांनी बाया आल्या होत्या. गावोगावच्या बायांनी भाकरी बांधून आणल्या होत्या. त्या वेळी इथे असलेल्या काही जणी आज आजी होऊन समोर बसलेल्या दिसतात. त्यांनाच आमचे सांगणे आहे, कारण घरात पथ्य सांगण्याचा अधिकार तुमचा. सुनेचे ताट आधी वाढायचे की मागून, ते तुमच्या हातात आहे. पुरुषांना आम्ही सांगून पाहिले, ते मान हलवतात.

त्या वस्तीवर आम्ही परवा पुन्हा गेलो होतो. कागद भिंतीवरच होता. आजीबाईंनी आम्हाला बसवले, ताक दिले आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी सांगितल्यापासून तिला वाटीभर डाळ देते. पन तूप कुठून आनू?" आम्हाला उत्तर देता आले नाही. दूध किती रुपये लिटर जाते आणि तूप किती रुपये किलो येते याचा हिशेब दोघांनी मांडला, आणि तो जुळला नाही. शेवटी एक ठरले. रात्रीचे अर्धा लिटर दूध डेअरीला न घालता बाळंत होईपर्यंत घरात ठेवायचे. मुलगा तयार नव्हता. बाबाच म्हणाले, ठेव.

एवढेच बोलायचे होते. बाहेर जेवण तयार आहे : ज्वारीची भाकरी, पिठले, मुळ्याची भाजी, ताक. मुळा शिजवलेला आहे, काळजी नसावी. मीठ कमी वाटले तर मागू नका, आम्हीच सांगितले आहे. आणि आज पहिली पंगत बायांची बसेल. वाढायला मालेगाव आणि येवल्याचे कार्यकर्ते आहेत, त्यांनी हात धुऊन घ्यावेत.